नाव आयबीएमचं, डिस्क दुसऱ्याची

ऑगस्ट १९८४मध्ये आयबीएमने पीसी-एटी हा नवा संगणक जाहीर केला. इंटेलचा ८०२८६ प्रोसेसर, दणकट कीबोर्ड आणि वरच्या मॉडेलमध्ये २० मेगाबाइटची हार्ड डिस्क. फ्लॉप्यांच्या चळतीतून सुटका होणार म्हणून कचेऱ्या खूश होत्या. पण थोड्याच काळात तक्रारींचा ओघ लागला. डिस्क वाचली जाईना, साठवलेली माहिती हाती लागेना. ती डिस्क कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर मेमरीज या पुरवठादार कंपनीची होती. अखेर आयबीएमने तिच्याकडची खरेदी थांबवली आणि त्या कंपनीने डिस्कचा धंदाच सोडला.

अस्सल आयबीएम टिकाऊ आणि त्याची नक्कल, म्हणजे क्लोन, कच्ची, हा त्या काळचा सरसकट समज. तो निम्माच खरा होता.

मुळात अस्सल म्हणजे काय? १९८१चा पहिला आयबीएम पीसी फ्लोरिडातल्या बोका रटोन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने साधारण वर्षभरात उभा केला. एवढ्या कमी वेळात सगळे भाग घरी बनवणं शक्य नव्हतं. प्रोसेसर इंटेलचा घेतला, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, सोबतचा प्रिंटर एप्सनचा. आयबीएमचं स्वतःचं, इतरांना उचलता न येणारं असं त्यात मुख्यतः एकच होतं: यंत्र सुरू करणारा आणि त्याचे भाग हाताळणारा बायॉस हा प्रोग्रॅम. बाकीचं सामान क्लोनवालेही त्याच बाजारातून आणत. इंटेलची चिप आयबीएमच्या पेटीत जास्त आणि क्लोनच्या पेटीत कमी टिकण्याचं काही कारण नव्हतं.

फरक पडे तो निवडीत आणि तपासणीत. सर्वांत मोठा फरक पॉवर सप्लायमध्ये. पहिल्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. फ्लॉपीपुरता तो ठीक. हार्ड डिस्क जोडली की अपुरा. म्हणून १९८३च्या एक्सटी मॉडेलला आयबीएमने १३० वॅटचा दिला. स्वस्तातल्या क्लोनमध्ये काटकसरीची कात्री बहुधा इथेच चाले. लेबलवर भरपूर वॅट, पण प्रत्यक्षात भार वाढला की व्होल्टेज डळमळे. मग मशीन मध्येच थिजे, आणि दोष मात्र प्रोसेसरवर किंवा सॉफ्टवेअरवर जाई.

काही आजार तर दोघांचे सारखेच. तेव्हा मेमरी चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असत. रोज तापून फुगणं, थंड होऊन आकसणं, यात त्या हळूहळू वर सरकत. दुरुस्तीवाले पेटी उघडून प्रत्येक चिप अंगठ्याने दाबून बसवत आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागे. पंख्याशिवाय बनवलेल्या ॲपल-३मध्ये हा प्रकार इतका वाढला, की यंत्र काही इंच उचलून खाली सोडा, असा सल्ला गिऱ्हाइकांना मिळू लागला.

मेमरीबाबत आयबीएमची एक गोष्ट मात्र मनापासून दाद देण्याजोगी आहे. दर आठ बिटांमागे एक नववा बिट पडताळणीसाठी ठेवलेला असे. मेळ बसला नाही, की ‘पॅरिटी चेक’ असा संदेश दाखवून मशीन थांबे. वापरणारा वैतागे, पण चुकीची बेरीज पगारपत्रकात जाण्यापेक्षा ते थांबणं कितीतरी बरं.

सुसंगतता आणि विश्वासार्हता यांचीही लोक गल्लत करत. लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर हे प्रोग्रॅम हार्डवेअरशी थेट बोलत. सुरुवातीच्या कित्येक क्लोनवर ते अडत. पण यंत्र बिघडलंय असं त्यातून ठरत नव्हतं. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने बायॉस स्वतंत्रपणे नव्याने लिहिला आणि हा अडसर दूर केला. १९८३मध्ये दुकानांत आलेला तिचा साधारण पावणेतेरा किलोंचा पोर्टेबल पहिल्याच वर्षी ५३,००० गिऱ्हाइकांनी घेतला. तीच कंपनी १९८६मध्ये ८०३८६ प्रोसेसरचा पीसी आयबीएमच्याही आधी घेऊन आली. क्लोनवाला म्हणून तिला हलकं लेखणं तेव्हाच चुकीचं ठरलं होतं.

भारतात ही तुलना वेगळ्याच वळणाने आली. आयबीएमने १९७८मध्ये देश सोडला होता, त्यामुळे पीसीचं युग इथे अवतरलं ते मुख्यतः देशी कंपन्यांच्या सुसंगत यंत्रांतून. १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल केली. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, डिस्क, कॅबिनेट सुटं घेऊन ‘असेंबल्ड’ पीसी जोडून मिळू लागला. असा पीसी किती टिकेल हे जोडणाऱ्यावर अवलंबून असे: पॉवर सप्लाय (एसएमपीएस) कुठला घातला, मेमरी कुणाची वापरली आणि माल हवाली करण्याआधी मशीन किती तास चालवून पाहिलं. जाणती गिऱ्हाइकं म्हणूनच डब्यावरचं नाव वाचण्याआधी झाकण उघडायला लावत.