आवाज मोठा, पण बोलणे कळेना

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतील काही भाग घरच्यांच्या आनंदासाठी खर्चावा, या विचाराने सिंदेवाहीतील आमच्या घराच्या बैठकीत होम थिएटर बसविले. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की झोपेपर्यंत मोकळा वेळ असतो. त्या वेळी तीन पिढ्यांनी एकत्र बसावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु पहिल्याच आठवड्यात 87 वर्षांच्या आईने खुर्ची सोडली. "अरे, आवाज फार आहे, पण कोण काय बोलतं तेच कळत नाही," असे म्हणून ती आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी संकोचत सांगितले, की आमच्या आवाजाने त्यांच्या फडताळातील भांडी थरथरतात.

दोष यंत्राचा नव्हता, निवडीचा आणि मांडणीचा होता. "मागचे स्पीकर जितके मोठे, तितके खरे थिएटर," या एका विक्रेत्याच्या सल्ल्यावर मी विश्वास ठेवला होता. ते दोन मोठे स्पीकर आईच्या खुर्चीलगत जमिनीवर उभे होते. पाऊस, गर्दी, वाहने यांचा आवाज तिच्या कानाशी आणि संवाद मात्र दूर समोर! मग काय कळणार?

प्रचलित 5.1 रचनेत कामाची वाटणी असते. समोरचे डावे-उजवे स्पीकर संगीत व हालचाल दाखवितात. मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, बहुतांश संवाद वाहतो. दोन सराउंड स्पीकर भोवतालचे वातावरण उभे करतात, आणि सबवूफर अत्यंत खर्जाचा ध्वनी देतो. पाच-एक मधील 'एक' तो हाच. पेढीवर प्रत्येक भावाने आपापले काम सांभाळावे, तसेच हे आहे. म्हणून खर्च करताना सेंटर स्पीकरला पहिला मान द्यावा. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील असावेत. सराउंड लहान असले तरी चालतात. मात्र त्यांच्या आवाजाचा पोत समोरच्यांशी जुळावा.

सराउंड स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे असावेत. पडद्याची दिशा शून्य अंश मानल्यास सुमारे 110 अंशांवर त्यांची जागा येते. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा वेळी ते बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दोन फूट उंच लावावेत. कोणाच्याही कानाशी स्पीकर येऊ देऊ नये.

आता क्रॉसओव्हर. कोणत्या कंपनसंख्येखालचा खर्ज स्पीकरकडून काढून सबवूफरकडे सोपवायचा, ती सीमारेषा म्हणजे क्रॉसओव्हर. 80 हर्ट्झ ही सर्वमान्य सुरुवात आहे. याहून खालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो, हे कानाला सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात असला तरी खटकत नाही. स्पीकर अगदी लहान असल्यास ही रेषा 100 ते 150 हर्ट्झपर्यंत वर न्यावी. स्पीकरच्या माहितीपत्रकात जो नीचतम आकडा असेल, त्याच्या बराच वर ती ठेवावी. कुवतीबाहेरचे कर्ज जसे बुडते, तसा कुवतीबाहेरचा खर्ज फाटतो.

रिसीव्हरमध्ये स्पीकरपुढे 'लार्ज' व 'स्मॉल' असे पर्याय येतात. 'स्मॉल' म्हणजे कमी प्रतीचा नव्हे. खर्ज सबवूफरकडे वळवा, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक घरांत सर्वच स्पीकर 'स्मॉल' ठेवणे हिताचे. सबवूफरच्या पाठीमागेही क्रॉसओव्हरची कळ असते. ती कमाल आकड्यावर ठेवावी. अन्यथा एकच नोंद खतावणीत दोनदा व्हावी, तसा ध्वनी दोनदा गाळला जातो आणि मध्येच खड्डा पडतो.

सबवूफरची जागा शोधण्याची युक्ती सोपी आहे. तो क्षणभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवून एखादे गाणे लावावे आणि स्वतः भिंतीकडेने फिरावे. जेथे खर्ज सर्वांत सम व स्पष्ट ऐकू येईल, तेथे तो ठेवावा. त्यानंतर टेपने प्रत्येक स्पीकरचे बसण्याच्या जागेपासूनचे अंतर मोजून रिसीव्हरमध्ये भरावे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. अंतर बरोबर भरले, तर सर्वांचा आवाज एकाच वेळी पोहोचतो.

पडदा आणि सतरंजी यांनी खोलीतील घुमारा कमी होतो; खर्ज मात्र त्यांना जुमानत नाही, तो भिंत ओलांडतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. नियम नसता तरी शेजारधर्म होताच. म्हणून आम्ही सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर हलविला, त्याची पातळी उतरविली आणि रात्री 'नाइट मोड' वापरू लागलो. त्यात मोठे आवाज दबतात व हळू संवाद वर येतात.

मागचे मोठे स्पीकर पुढे आले, त्याच मालिकेतील एक लहान जोडी भिंतीवर चढली, सेंटरची पातळी थोडी वाढविली. नवा खर्च झाला तो त्या लहान जोडीचाच. काकांच्या फडताळातील भांडी आता शांत असतात. आणि आई? ती पुन्हा आपल्या खुर्चीवर बसते, आणि मध्येच मोठ्याने बोलणाऱ्या नातवंडांना सांगते, "गप्प बसा रे, ऐकू द्या."