जुन्या मॅटाडोरचं 'फिरतं घर' करायचंय? रंगाच्या डब्याआधी आरसी उघडा

इन्स्टाग्रामवर एक रील सारखं फिरत असतं. सुरुवातीला गंजलेली, धुळीनं भरलेली जुनी गाडी. मग ग्राइंडर, प्लाय, रंगाचा ब्रश. आणि तिसाव्या सेकंदाला आत पांढरा पलंग, पिवळे दिवे आणि खिडकीत मनीप्लांट. खाली कमेंट ठरलेली, 'भावा, किती खर्च आला?'

खर्च किती आला याचं उत्तर कमेंटमध्ये मिळतं. पण पैसे कशावर आधी खर्च करायचे आणि कशावर शेवटी, हे तीस सेकंदात मावत नाही. कमी पैशात हे काम करायचं असेल तर तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

आपल्याकडे 'व्हिंटेज कॅम्पर' म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत कारच्या मागं जोडायचे एअरस्ट्रीमचे चकचकीत ट्रेलर १९३० च्या दशकापासून आहेत. युरोपात १९५० साली आलेल्या फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून कॅम्पर तयार झाले. आपल्याकडे कारच्या मागं ट्रेलर ओढायची सवयच रुजली नाही. त्यात ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि ताम्हिणी किंवा वरंधच्या वळणांवर तो सांभाळणं हा आणखी वेगळा विषय. त्यामुळे इथं फिरतं घर म्हणजे बहुतेक वेळा व्हॅनच.

आणि व्हॅनचा विषय निघाला की तो पुण्यात येऊन थांबतो. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो सुरू केली. पुढं आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर बाहेर पडली आणि नंतर कंपनीनं टेम्पो ट्रॅव्हलर आणली. 'टेम्पो' हे खरंतर कंपनीचं नाव, पण मराठीत ते मालवाहू गाडीचंच नाव होऊन बसलं. मॅटाडोरचंही तेच, कुठल्याही व्हॅनला लोक मॅटाडोर म्हणायचे. २००५ मध्ये या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. आज भारतात दिसणाऱ्या कॅम्परपैकी बरेच ट्रॅव्हलरच्याच सांगाड्यावर उभे असतात, कारण आत उभं राहता येतं आणि सुटे भाग गावोगावी मिळतात.

पहिला खर्च कागदांचा का?

कारण इथं चूक झाली तर बाकी सगळा खर्च वाया जातो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं. परवानगीशिवाय बदल केला तर गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विम्याचा प्रश्न आणखी वेगळा. कंपनीला न कळवलेला बदल हे अपघातानंतर दावा नाकारण्याचं कारण ठरू शकतं.

मग कॅम्पर बेकायदेशीर आहे का? अजिबात नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीतला स्वतंत्र वर्ग आहे. तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे, या चार गोष्टी त्यात अपेक्षित आहेत. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. अडचण एवढीच की ही सगळी व्यवस्था गाडी बनवणाऱ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. एका माणसानं एका गाडीसाठी त्यातून जाणं महागात पडतं.

त्यामुळे कमी बजेटवाल्यापुढे तीन सरळ रस्ते उरतात.

एक, आधीच कॅम्पर म्हणून नोंद झालेली जुनी गाडी घ्यायची. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग दिसतो. विकणारा काय सांगतो यापेक्षा तिथं काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

दोन, गाडी आहे तशी ठेवायची. सीट काढायच्या नाहीत, पत्रा कापायचा नाही. पलंग, ओटा, बॅटरीची पेटी हे सगळं सुटं बनवायचं आणि सामान म्हणून न्यायचं. प्रवासात बांधून ठेवायचं, मुक्कामाला उघडायचं.

तीन, गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. शेतात किंवा अंगणात कायमची उभी करून तिची खोली करायची. नोंदणी चालू असेल तर गाडी वापरात नाही हे आरटीओला रीतसर कळवायचं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क बरंच वाढलंय. त्यात पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा धरा. जुनी गाडी स्वस्तात मिळाली असं वाटत असेल, तर व्यवहाराआधी हा हिशेब आरटीओत जाऊन करून घ्या. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळ, एमएच-१४ असेल तर मोशीला. आणि गाडी भाड्यानं द्यायचा विचार असेल तर नोंदणी आणि परवाने दोन्ही बदलतात.

गाडी बघायला जाताना खिशात काय हवं?

एक लोहचुंबक आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारला की गाडी फोटोत नवी दिसते. पण लांबीचा थर जाड असला की तिथं चुंबक चिकटत नाही. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानी आणि पायदान या जागा तपासा. खाली वाकून चासी बघा, मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरनं हलकंसं टोचून बघा. पापुद्रे निघाले तर सांभाळून. कोकणात वापरलेली गाडी असेल तर दुप्पट सांभाळून.

टायरच्या कडेला कंपनीनं छापलेला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. वरून नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. घाट उतरताना ब्रेक आणि टायर दोन्ही धड लागतात.

शेवटची परीक्षा सर्व्हिसिंग सेंटरवर. टपावर दहा मिनिटं पाण्याचा फवारा मारा आणि आत बसून राहा. कुठं थेंब दिसतोय? ती गळती आता सापडली तर सीलंटच्या एका नळीचं काम. प्लाय बसवल्यावर जुलैत सापडली, तर सगळं उचकटावं लागतं.

वीज आणि पाण्याचं गणित

यूट्यूब बघून लोक सगळ्यात जास्त पैसे इथं उडवतात. आधी वहीत हिशेब करा.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात. ती अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात उरले ६००. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास, ५०. वीस वॅटचा पंखा आठ तास, १६०. दोन मोबाइल, साधारण ४०. एका रात्रीचे झाले २५०. म्हणजे दोन रात्री आरामात निघतात. चांगल्या उन्हात १०० वॅटचा सोलर पॅनल दिवसाला ४०० च्या आसपास भर घालतो, पावसाळ्यात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. एसी हवा असेल तर हे सगळं गणित कोलमडतं आणि बजेटसुद्धा.

पुण्याच्या एप्रिलला एसीशिवाय तोंड देण्याचा स्वस्त उपाय म्हणजे टपाला पांढरा रंग, आतून फोमचं अस्तर, समोरासमोर दोन उघड्या खिडक्या आणि गाडी झाडाखाली. टप आधीच पांढरा नसेल तर रंगाचा बदल आरसीवर नोंदवायला विसरू नका.

पाणी लिटरला एक किलो. १०० लिटरची टाकी म्हणजे आणखी एक धिप्पाड पाहुणा. दोघांना दोन दिवस पिण्या-रांधण्याला ४० लिटर पुरतं, म्हणजे २० लिटरचे दोन जार आणि जारवर बसणारा छोटा पंप. सांडपाण्यासाठी वेगळा कॅन ठेवा, ते धरणाकाठी ओतू नका.

वजनाची गंमत फर्निचरमध्येही होते. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची एक प्लाय ३५ किलोच्या घरात जाते. १२ मिलिमीटरची साधारण २३. गाडीचं एकूण वजन किती चालतं ते आरसीवर लिहिलेलं असतं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर वजनकाट्यावर जाऊन या.

जिथं एक रुपयाही वाचवायचा नाही

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात समोर आलं. या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

म्हणून जनरेटर गाडीत किंवा गाडीला लागून नको. शेगडी झोपायच्या आधी बंद, शक्यतो स्वयंपाक बाहेरच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही, जमिनीलगत हवा जायला वाट हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, छोटं अग्निशामक आणि बॅटरीला लागूनच फ्यूज, या तीन वस्तूंवर घासाघीस करू नका.

आता सजावट

आता पुण्याच्या पेठा कामाला येतात. प्लाय आणि लाकडाचे तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला. कड्या, बिजागऱ्या रविवार पेठेत. एलईडी, वायर, स्विच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. पितळी खुंट्या, जुने कंदील, ट्रंका हव्या असतील तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. पडद्याला आईची जुनी सुती साडी, अंगावर आजीची गोधडी. महागड्या 'बोहो' सेटपेक्षा हे दिसतंही बरं आणि धुवायलाही सोपं.

नियम एकच, जे लावाल ते कात्रजच्या वळणावर जागेवर राहिलं पाहिजे. प्रत्येक कप्प्याला कडी, काचेऐवजी स्टील, आणि डोक्यावरच्या फळीवर फक्त कपडे.

पैशांची ढोबळ वाटणी

हाताशी १०० रुपये असतील तर इंजिन, ब्रेक, टायर आणि पत्र्याला ४० ठेवा. कागद आणि विम्याला १५. वीज, पाणी, अस्तर आणि सुरक्षेला २०. फर्निचरला १०, सजावटीला ५. उरलेल्या १० ला हात लावू नका, जुनी गाडी ते कुठं ना कुठं मागतेच.

आणि राहायचं कुठं? २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. तोवर परवानगी घेऊन रिसॉर्टचं किंवा एखाद्या शेतकऱ्याचं आवार गाठणं बरं. वनखात्याच्या जागेत आणि गडांवर परस्पर मुक्काम नको.

पहिली रात्र मात्र लांब जाऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडी लावा आणि आत झोपा. सकाळपर्यंत काय टोचलं, काय गळलं, काय कमी पडलं याची यादी तयार होईल. पुढची खरेदी त्या यादीवरून करा.