पासष्ट वर्षे टिकलेली आठवण

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. पण हे संरक्षण किती वर्षे टिकते? गोवर सतत फिरत असलेल्या गावात याचे उत्तर मिळणे कठीण. तिथे विषाणूशी वारंवार संबंध येऊन प्रतिकारशक्ती दर वेळी ताजी होत असेल, अशी शंका उरतेच.

ही शंका फिटली ती फॅरो बेटांवर. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रातली ही बेटे. तिथे १७८१ साली गोवराची साथ आली. पुढे ६५ वर्षे गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो परतला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी जवळपास ६,००० लोक आजारी पडले. डॅनिश सरकारने पानुम नावाच्या २५ वर्षांच्या डॉक्टरला तिकडे धाडले. विषाणू म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

पानुमने म्हाताऱ्यांची चौकशी केली. १७८१ मध्ये गोवर झालेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. मग वयामुळेच ते वाचले असतील का? पानुमने तेही पडताळले. लहानपणी त्या साथीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांना आता गोवर झालेला आढळला. वर्गात तुलनेचा प्रयोग शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आज यामागचे कारण समजले आहे. प्रतिपिंडाचा रेणू रक्तात काही आठवडेच टिकतो. मात्र प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षे काम करत राहतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांचे रक्त २६ वर्षांपर्यंत तपासले गेले. गोवराची प्रतिपिंडे निम्मी व्हायला ३,००० वर्षे लागतील, असे गणित निघाले! अर्थ एवढाच, की एका आयुष्यात ती फारशी घटत नाहीत. धनुर्वाताची प्रतिपिंडे मात्र सुमारे ११ वर्षांत निम्मी होतात.

पण फॅरोच्या म्हाताऱ्यांचे हे धन नातवंडांच्या उपयोगी पडले नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात खरी, पण ती उसनी. बाळाच्या शरीरात ती बनत नाहीत, म्हणून काही महिन्यांत संपतात. ती असताना लस नीट लागू पडत नाही, यासाठी आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. लस घेतलेल्या आईच्या रक्तात ही प्रतिपिंडे गोवर होऊन गेलेल्या आईपेक्षा सहसा कमी असतात. तिच्या बाळाचे कवच त्यामुळे लवकर गळते आणि लस मिळेपर्यंतचे त्याचे उघडे दिवस वाढतात. त्या दिवसांत घरातल्या मोठ्या भावंडांनी दोन्ही डोस घेतलेले असणे, हाच त्याचा आडोसा.