सैनिकाचे आभार: स्तंभाने की हक्काने?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून परतलेला आपला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तिथे कोणीतरी त्याच्या खिशावर कागदाचा एक लहानसा ध्वज टाचतो आणि पुढे डबा धरतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे ध्वजाचे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो. युद्धात मेलेल्यांची कुटुंबे, जखमी जवान आणि माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी हा निधी असतो. डब्यात दहा-वीस रुपये पडतात, संध्याकाळपर्यंत ध्वज खिशावरून गळून पडतो आणि बहुतेकांची वर्षभराची कृतज्ञता तिथेच संपते.

नागरिकांनी सैनिकांचे आभार मानावेत काय? मानावेत तर कसे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीतही दोन टोकांनी दिले जाते. काही कार्यकर्ते म्हणतात, सैनिक पगार घेतो, नोकरी करतो, त्याचे वेगळे आभार कशाला? शिवाय देशभक्तीचा ठेका ज्यांनी घेतला आहे त्यांच्याच ढोलावर आपण का नाचायचे? दुसरे कार्यकर्ते वर्दी दिसली की हार घेऊन धावतात आणि फटाके वाजवून मोकळे होतात. आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. कारण आभार म्हणजे काय आणि आभाराचे नाटक म्हणजे काय, हे आपल्या समाजाने दोनशे वर्षे स्वतःच्या अंगावर सोसून पाहिले आहे.

वाचकहो, इतिहास आठवा. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. कंपनी सरकारने १८२१ मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी केली. त्या स्तंभावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे कोरली आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. म्हणजे ते आपले पूर्वज. दगडात नाव कोरून आभार मानण्याचा याहून मोठा मान कोणता? पण त्याच इंग्रज सरकारने पुढे काय केले? 'लढाऊ जाती' आणि 'बिगर लढाऊ जाती' असा नवा वर्णाश्रम फौजेत आणला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांची नावे स्तंभावर, त्यांच्याच नातवंडांना फौजेचे दार बंद! स्तंभ जागेवर उभा राहिला, भाकरी मात्र गेली.

त्या दारावर आपल्या पूर्वजांनी किती धडका मारल्या! निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. बाबासाहेब १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या अनेक समाजांचे जवान आहेत. तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. देशाचे दोन लष्करप्रमुख, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी, याच रेजिमेंटने दिले.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले, स्तंभाला मानवंदना दिली आणि समाजाला त्याचा स्वाभिमान परत मिळवून दिला. ही मानवंदना आपण देतो आणि देत राहू. परंतु स्तंभाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे छावणीतली शाळा. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळी फौजेत शिपायांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावातल्या शाळेत ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या हातात छावणीने पाटी दिली. सुभेदारांचे पेन्शन, सुभेदारांचे वाचन आणि सुभेदारांचा शिक्षणाचा ध्यास यांतून भीमराव घडले. आता सांगा, सैनिकाचे खरे आभार कशाने मानले गेले, दगडाने की पाटीने? आमचे उत्तर स्पष्ट आहे. सैनिकाला हक्क म्हणून जे मिळते, तेच त्याचे खरे आभार. बाकीचे उपचार.

आजच्या देशभक्तांची परीक्षा याच कसोटीवर घ्यावी लागेल. २०१६ मध्ये काश्मिरात पंपोरला झालेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचा एक जवान मारला गेला. तो उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद जिल्ह्याचा, जातीने नट. तिरंग्यात गुंडाळलेला त्याचा देह गावी आला तेव्हा अंत्यसंस्काराच्या जागेला गावातल्या सवर्णांनी हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी मध्यस्थी केल्यावर जागा मिळाली. २०२० च्या फेब्रुवारीत गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात भूदलातला एक दलित जवान स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसला म्हणून त्याच्या वरातीवर दगडफेक झाली. सीमेवर तो देशाचा जवान होता, मग गावच्या वेशीत पाय ठेवताच त्याची फक्त जातच का उरली? 'जय जवान' म्हणणारे तोंड आणि दगड मारणारा हात एकाच गावचे असतील, तर त्या घोषणेची किंमत काय? गावात जवानाची वरात सुखरूप जाऊ देणे आणि त्याच्या प्रेताला जागा देणे हे त्याचे आभार मानण्याचे पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. त्याला डबा लागत नाही, वर्गणी लागत नाही. जात सोडावी लागते, आणि तीच सुटत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. वकिली करताना आम्ही पाहतो की सैनिकाचे कुटुंब हार-तुऱ्यांच्या अभावी अडत नाही, कागदाच्या अभावी अडते. जवानाने लग्न केले, मूल झाले, पण पलटणीच्या रेकॉर्डमध्ये नोंद झाली नाही. पत्नीचे नाव रेकॉर्डला एक, आधार कार्डावर दुसरे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर निराळी. जवान जिवंत आहे तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की त्या विधवेला कौटुंबिक पेन्शनसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. आता पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेवर आहे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. खेड्यातल्या साठीच्या बाईने हे कसे करायचे? अंत्ययात्रेला तालुका लोटतो, तेराव्या महिन्यात तिच्या दारात कोणी नसते.

जखमी जवानाचेही तेच. नोकरीत असताना आजार झाला की 'हा आजार सेवेमुळे नाही' असा शेरा मारून अपंगत्वाचे पेन्शन नाकारण्याची जुनी खोड आहे. धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरले पाहिजे आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. हा निकाल किती माजी सैनिकांना माहीत आहे? दाद मागण्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले, त्याचे एक पीठ मुंबईत आहे. हे किती कुटुंबांना कोणी सांगितले?

आणखी एक कायदा सांगतो. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५. जवान युद्धावर किंवा सरकारने जाहीर केलेल्या विशेष परिस्थितीत सेवेला असेल आणि गावाकडे त्याच्यावर दिवाणी दावा लागला, तर त्याच्या माघारी निकाल लागू नये म्हणून दावा थांबवण्याची सोय या कायद्यात आहे. भाऊबंद बांध कोरतात, शेजारी ओटा पुढे घेतो, आणि जवान हजारो मैलांवर असतो. शंभर वर्षांचा हा कायदा गावात कोणाला ठाऊक नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे. चांगली गोष्ट आहे. पण योजना कागदावरून वस्तीपर्यंत आपोआप चालत येत नाही, तिला कार्यकर्त्याचे पाय लागतात.

आणि सरकारला प्रश्न विचारणे हेही आभारातच येते. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी देऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. सुभेदारांचे पेन्शन नसते तर भीमरावांच्या शिक्षणाचे काय झाले असते, हा विचार ज्याच्या मनात येतो त्याला या योजनेबद्दल प्रश्न पडणारच. असा प्रश्न विचारला की 'सैन्याचा अपमान' म्हणून ओरड होते. जवानाच्या पेन्शनबद्दल विचारणे हा जवानाचा अपमान कसा? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. भक्त प्रश्न विचारत नाही, हिशेब मागत नाही. सैनिकाला हिशेब मागणारा नागरिक हवा आहे.

काही बौद्ध उपासक विचारतात, अहिंसेचा धम्म स्वीकारलेल्यांनी सैनिकाचे आभार कसे मानायचे? मंगलसुत्तात कृतज्ञतेला मंगल मानले आहे, आणि ती कृतज्ञता वर्दी पाहून थांबत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग सांगितला आहे. शाक्यांचा सेनापती कोलियांवर युद्ध पुकारू पाहतो आणि सिद्धार्थ भर संघात विरोध करतो. हा विरोध युद्धाच्या निर्णयाला होता, शिपायाच्या जिवाला नव्हता. त्याच ग्रंथात सीह सेनापतीच्या प्रश्नाला तथागत उत्तर देतात, त्यात न्यायासाठी लढणाऱ्याचा निषेध नाही. म्हणून युद्धाची खुमखुमी असणाऱ्यांना विरोध करणे आणि युद्धातून परतलेल्या जवानाचा हात धरणे यांत आम्हाला विरोध दिसत नाही. विनाकारण युद्ध टाळणे हे तर सैनिकावरचे सर्वांत मोठे उपकार.

एवढे मात्र लक्षात ठेवा, देशासाठी मरणारा फक्त वर्दीत नसतो. गटारात उतरून मरणारा सफाई कामगार आपलाच असतो. त्याच्या वारसाला दहा लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. त्याच्यासाठी ना ध्वज, ना डबा, ना बिगुल. सैनिकाचे नाव पुढे करून बाकीच्या कष्टकऱ्यांचे तोंड बंद करणारी देशभक्ती आम्हाला नको.

तेव्हा करायचे काय? ध्वज दिनाच्या डब्यात पैसे जरूर टाका. पण प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतले आजी-माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची यादी करावी. पत्नी आणि मुलांची नावे रेकॉर्डला आहेत की नाहीत, हे जवान सुट्टीवर आला असतानाच तपासून घ्यावे. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी एखादा शिकलेला तरुण त्या माउलीसोबत पाठवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे, तिथे कोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात, हे फलकावर लिहावे. आपल्यातल्या वकिलांनी महिन्यातला एक रविवार या कामासाठी द्यावा. आणि १ जानेवारीला स्तंभासमोर उभे राहिल्यावर प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावे, माझ्या वस्तीतल्या सैनिकाच्या घरी मी शेवटचा कधी गेलो?

त्या बावीस नावांचे ऋण फुलांनी फिटत नाही. त्यांच्या वारसांच्या हातात हक्काचा कागद पडेल, तेव्हाच ते फिटेल. जयभीम!