‘मी कुठं पाणी घातलं?’

दुधाचा नमुना नापास झाला की विक्रेत्याच्या तोंडून दोन वाक्यं हमखास निघतात. ‘वरूनच तसं आलं’ आणि ‘या दिवसांत गाय पातळच दूध देते’. गंमत म्हणजे गिऱ्हाइकालाही ती पटतात. भेसळ स्वतःच्या हातानं आणि जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झाल्याखेरीज विकणाऱ्याचं काही वाकडं होत नाही, हा समज काउंटरच्या दोन्ही बाजूंना पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि आजच नव्हे, फार पूर्वीपासून चुकीचा आहे.

उत्तर प्रदेशातल्या एका दूधविक्रेत्याचं प्रकरण पाहा. १९९५ साली त्याच्याकडून घेतलेल्या नमुन्यात फॅट ४.६ टक्के भरलं, पण एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) ८.५ ऐवजी ७.७ टक्केच लागलं. एवढ्याशा फरकासाठी शिक्षा कशाला, हा त्याचा एक युक्तिवाद. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. दुधासारख्या प्राथमिक अन्नाचं मानक ठरलेलं असेल तर ते पाळलंच पाहिजे, तूट किरकोळ असली तरी सूट नाही. सहा महिन्यांची कैद कायम राहिली, नमुना घेतल्यानंतर चोवीस वर्षांनी!

तो खटला १९५४ च्या जुन्या कायद्याखालचा होता, हे खरं. ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला आणि नुसतं पाणी घातलेलं दूध ‘कमी दर्जाचं’ या सदरात गेलं. त्याला कैद नाही; कलम ५१ खाली पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण ‘मला माहीत नव्हतं’ इथेही चालत नाही. कलम ४९ मध्ये अजाणतेपणाचा उल्लेख आहे, तो दंड किती लावायचा हे ठरवण्यापुरता. प्रामाणिक गैरसमज हा बचाव नाही, असं कलम ८० सरळ सांगतं. टिकतो तो खबरदारीचा बचाव, आणि ती घेतल्याचं विक्रेत्यानंच दाखवायचं. माल कुणाकडून आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावर तर कलम २७ थेट जबाबदारी टाकतं. तेव्हा ‘वरूनच आलं’ म्हणणाऱ्यानं हा ‘वरचा’ कोण, ते पावतीसकट सांगावं.

बरं, ‘पाणीच तर आहे, विष थोडंच?’ पाण्यावर प्रकरण थांबलं तर ना! पाणी घातलं की लॅक्टोमीटरची डिग्री घसरते. ती चढवायला साखर नाहीतर युरिया. फॅट घसरलं म्हणून तेल, आणि तेल वर तरंगू नये म्हणून डिटर्जंट. युरिया-डिटर्जंटपर्यंत गेलेलं दूध ‘असुरक्षित’ ठरू शकतं आणि मग कलम ५९ लागतं. कुणाला इजा झाली नसली तरी त्यात कैदेची तरतूद आहे.

‘भेसळ म्हणजे जन्मठेपच’ हा फॉरवर्डही असाच अर्धवट. जन्मठेपेची तरतूद कलम ५९ मध्ये आहे, पण असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाला तर. तिथे किमान शिक्षाच सात वर्षांची.

‘नमुन्यात अधिकाऱ्यांनीच काहीतरी टाकलं.’ टाकतात, उघडपणे. दूध नासू नये म्हणून नमुन्यात फॉर्मेलिनचे थेंब घालतात. (तेच विक्रेत्यानं कॅनमध्ये घातलं तर गुन्हा.) नमुन्याचे चार भाग होतात, विक्रेत्यानं मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो.

‘भेसळीच्या दुधामुळे ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.’ असा कुठलाही इशारा संघटनेनं दिलेला नाही, हे एफएसएसएआय या केंद्रीय अन्न नियामक संस्थेनं जाहीरपणे सांगितलं आहे. एफएसएसएआयच्याच २०१८ च्या सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२. मात्र सुमारे ४१ टक्के नमुने फॅट-एसएनएफसारख्या कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडले. घबराट पसरवणाऱ्यांनी पहिला आकडा वाचावा, गवळीबुवांनी दुसरा.

‘सामान्य माणसाला तपासणी करून घेता येत नाही.’ येते. कलम ४० नुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून दूध तपासून घेता येतं. अट एवढीच, की तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायचा. रोज रतीब घालणाऱ्याला हे तोंडावर सांगणं जड जातं, ही वेगळी गोष्ट. नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळतं.