वहीत न आलेला खप

गार्थ ब्रूक्स हे नाव मला मुलाकडून कळलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा हा गायक कंट्री गातो, म्हणजे तिकडच्या गावाकडची गाणी. सप्टेंबर 1991 मध्ये त्याचा 'रोपिन द विंड' हा अल्बम निघाला आणि 'बिलबोर्ड' या संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर चढला. कंट्रीचा कुठलाच अल्बम त्याआधी असा थेट वर गेला नव्हता. एकूण 18 आठवडे तो त्या जागी होता.

मला भिडलं ते त्यामागचं कारण. आधी ही यादी दुकानदारांना विचारून व्हायची. काय खपतंय, ते दुकानदार अंदाजाने सांगायचा. मे 1991 पासून गल्ल्यावर बारकोड वाचून झालेली विक्रीच मोजायला लागले. तेव्हा दिसलं, गावाकडच्या गाण्यांचा खप समजत होते त्याहून कितीतरी मोठा आहे.

त्याच काळात औरंगाबादच्या पैठण गेटजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. नव्या सिनेमाच्या कॅसेटी दर्शनी फळीवर, पण गल्ला भरायचा प्रल्हाद शिंद्यांवर. मंगळवेढ्याचा हा माणूस भक्तिगीत, कव्वाली आणि भीमगीत सारख्याच ताकदीने गायचा. नाथषष्ठीला पैठणला निघालेले लोक वाटेत थांबायचे. कॅसेटचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं. "ती पंढरीची द्या," म्हणायचे. मी लावून दाखवायचो, पहिल्या दोन ओळींतच मान हलायची.

फुलंब्रीकडचे एक आजोबा अडकलेली कॅसेट रुमालात बांधून आणायचे. बाहेर आलेली फीत मी पेन्सिलीने गुंडाळायचो, चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडायचो. तेवढ्या जागी शब्द तुटायचा. ते म्हणायचे, "राहू द्या, तो मला पाठ आहे." आणि जाताना तीच कॅसेट नवी घेऊन जायचे, लेकीसाठी.

हा खप कुठल्या यादीत गेला? आम्ही बिल फाडत नव्हतो. कितीतरी लोक कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून नेत. नकली माल तर उघड्यावर मिळायचा. शिंद्यांचा आवाज मराठवाड्याच्या घराघरात होता आणि त्याचा नीट आकडा कुणाकडे नव्हता. ते 2004 मध्ये गेले, तेव्हा ही गोष्ट मला फार लागली. निदान मी तरी मोजायला हवं होतं.

एक वही होती माझी, रोजच्या विक्रीची. 14 जानेवारी 1994 ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला विद्यापीठ गेटजवळ मी फळी टाकून बसलो. भीमगीतांची दोन खोकी नेली होती. माणसं हात पुढे करत होती, मी पैसे मांडीखाली सारत होतो. दुपारी दोन्ही खोकी रिकामी झाली. वही पिशवीतच राहिली, त्या तारखेचं पान अजून कोरं आहे.