लोकवर्गणी आणि खड्ग-मंत्रांचा खेळ

स्वरूप : निवेदकाने प्रसंग कथन करावा, खेळाडूंनी आपापल्या पात्राची भूमिका वठवावी आणि संशयाचा निर्णय फाशांवर सोपवावा, अशा या मेजावरील खेळाची परंपरा अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झाली; अशा खेळांत रंगणाऱ्या तलवार आणि जादू यांच्या कथांना ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव लेखक फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचविले.

भांडवल : २००९ साली स्थापन झालेल्या ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मुकरर मुदतीत उद्दिष्टाइतकी रक्कम जमली तरच ती निर्मात्यास मिळते, अन्यथा आश्रयदात्यांकडून एक पैही वसूल होत नाही. तेथेच २०२१ मध्ये ‘अवतार लेजंड्स’ या अशाच मेजावरील खेळासाठी ९५ लाखांहून अधिक डॉलर जमले.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रास लोकवर्गणीची ही रीत अपरिचित नाही; सामान्य जनांच्या पै-पैशांतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावास काच कारखाना काढला.

स्थळ : जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून सर केलेला आणि ज्याच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव धारातीर्थी पडले, तो तारापूरचा किल्ला ज्यांच्या गावात उभा आहे, त्या तरुणांनी उसन्या कथानकांवर न विसंबता लोकवर्गणीच्या बळावर आपला खेळ आपणच रचावा.